चिबड

आबा गावी परत गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मी धुणं लावलं आणि मशीन खडखडायला लागलं. नाणं राहिलं असेल म्हणून दुर्लक्ष केलं. पण नाण्याचा आवाज पातळ असतो, हा जड होता. ड्रम फिरला की एक ठोका, थोडं घरंगळणं, पुन्हा ठोका. स्वयंपाकघरातून तो आवाज ऐकत मी पोळ्या लाटत होते आणि का कोण जाणे, प्रत्येक ठोक्याला लाटणं थांबत होतं. मशीन थांबल्यावर दाराच्या रबराच्या घडीत बोट घालून चाचपलं, तर एक गोळी हाताला लागली. लहानशा करवंदाएवढी, करड्या रंगाची, वर पांढरट पापुद्रा, एका अंगाला जराशी चेपलेली. तळहातावर घेतली तेव्हा तळवा किंचित खाली गेला. एवढ्याशा गोष्टीत एवढं वजन असेल याची हातानं तयारीच केलेली नव्हती. शिसं होतं ते.

धुण्यात नवऱ्याचं जाड जॅकेट होतं. आबा पाच आठवडे तेच घालून हिंडले होते. मे महिना होता, पण बेल्जियममधल्या गेंटचा मे म्हणजे आपल्याकडची महाबळेश्वरची पहाट. पायजमा, नेहरू शर्ट आणि त्यावर जावयाचं ते निळं जॅकेट, खिशात दोन्ही हात. गोळी त्याच खिशातली. ती कुठून आली हे मला लगेच कळलं. ती आबांनी उचललीच कशी, हे मात्र कळेना. आम्ही लहान असताना शेजारच्या रानातला हरभऱ्याचा डहाळा उपटला म्हणून मला परत नेऊन त्या मालकाच्या हातात तो द्यायला लावणारा हा माणूस. ‘दुसऱ्याच्या रानातली काडी उचलायची न्हाई’ हे वाक्य आमच्या घरात देवाच्या आरतीइतकं पाठ होतं. तो माणूस परदेशात, परक्याच्या शेतातून, लढाईतली गोळी खिशात घालून आणतो?

आठवडाभर ती गोळी ओट्यावरच्या वाटीत पडून होती. मी फोन केला की विचारायचं ठरवायचे आणि विचारायचं राहायचं.

तिकडे जाण्यामागं लढाई वगैरे काही नव्हतं. पहिले दोन आठवडे आबांनी सगळं सोसलं. ब्रुजचे कालवे पाहिले (‘पाणी हालत न्हाई, डास हुत असतील’). चॉकलेटची दुकानं पाहिली. गेंटच्या कॅथीड्रलमधलं ते जगप्रसिद्ध कोकराचं चित्र रांग लावून पाहिलं आणि बाहेर आल्यावर फक्त कोकराबद्दल बोलले, अंगानं बरं आहे म्हणाले. मग एका रात्री जेवताना म्हणाले, ‘ह्येंची रानं कुठं हाइत?’ तेव्हा मला माझीच लाज वाटली. साठ वर्षं शेत कसलेल्या माणसाला मी चर्चं दाखवत बसले होते. शनिवारी आईनं नातवाला सांभाळायचं कबूल केलं आणि मी गाडी काढून पश्चिमेला लागले. इपर सव्वा तासावर. तिकडं बटाटा आहे, बीट आहे, मका आहे एवढं मला ठाऊक होतं. पहिल्या महायुद्धात तिथं झालेल्या लढाईचंही ठाऊक होतं, पण शाळेच्या पुस्तकातल्यासारखं, एका ओळीपुरतं. खरं सांगायचं तर पासेन्डाले हे नाव मला तीन वर्षं माहीत होतं ते फ्रीजमधल्या चीजमुळे. त्या गावाच्या नावाचं मऊसर चीज इथं कुठल्याही दुकानात मिळतं. मी ते पराठ्यात घालते. इंग्रज ज्याला पॅशनडेल म्हणतात आणि शंभर वर्षं आवाज खाली आणून म्हणतात, ते हेच गाव, हे मला झोन्नबेकच्या संग्रहालयात तिकीट काढताना उमगलं.

संग्रहालयात आबा एका फोटोपाशी थांबले ते हलेचनात. विमानातून काढलेले दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते, एकाच गावाचे. पहिल्यात चौकोनी शेतं, झाडांच्या ओळी, रस्ता, चर्च. दुसऱ्यात काहीच नाही. देवी आलेल्या माणसाची पाठ असावी तसे नुसते खड्डे, खड्ड्याला खड्डा लागून, आणि प्रत्येकात पाणी चकाकतंय. आजूबाजूचे लोक चर्च कुठं होतं ते बोटानं शोधत होते. आबांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक काचेला लावलं आणि म्हणाले, ‘चर कुठं गेलं?’

मी म्हटलं, कसले चर? त्यांनी पहिल्या फोटोत बोट फिरवून दाखवलं. शेतांच्या कडेनं बारीक काळ्या रेघा होत्या, मला त्या नुसत्या हद्दी वाटल्या होत्या. ‘ह्ये पाणी काढायचं चर. ह्यो मोठा, ह्ये त्यात मिळालेलं, आन ह्यो वढा. ह्यात एक सुदिक न्हाई,’ दुसऱ्या फोटोवर टकटक करत म्हणाले, ‘चरच फोडलं म्हंजी. मग चिबडणारच की.’

हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. कृष्णाकाठच्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगते. पाणी जिथं मुरत नाही आणि वाहूनही जात नाही, ती जमीन चिबडते. आमच्याकडे उसाला पाणी पाजून पाजून अशी किती रानं गेली त्याला गणती नाही. आधी ऊस पिवळा पडतो, मग लव्हाळा येतो, मग उन्हाळ्यात वर मीठ फुटतं. आमचं नदीकडचं वीस गुंठं असंच गेलं. त्यात दोष पाण्याचा जितका, तितकाच चुलत्याचा. त्यानं खालच्या अंगाचा चर बुजवून तेवढ्यात दोन सऱ्या वाढवल्या. त्यावरून भावकीत दहा वर्षं बोलणं नव्हतं, लग्नाच्या पत्रिका पोस्टानं यायच्या, अंतर पाऊण फर्लांग.

१९१७ साली इपरच्या पूर्वेला झालं ते मुळात याच जातीचं, फक्त चर बुजवणारे हात वेगळे होते. ३१ जुलैला इंग्रजांनी हल्ला सुरू केला. त्याआधी दोन आठवडे तोफा चालल्या, चाळीस लाखांहून जास्त गोळे. समोरच्या जर्मनांचे खंदक, काटेरी तारा, काँक्रीटची ठाणी फोडायची म्हणून. ती काही प्रमाणात फुटली. त्याबरोबर शतकानुशतकं शेतकऱ्यांनी खणलेलं चरांचं जाळंही फुटलं. तिथली माती वरून कसदार दिसते, पण खाली निळसर करडी चिकणमाती आहे, पाणी तिच्यातून पाझरत नाही. ते काढून द्यायचं तर चर हवेत, ओढे मोकळे हवेत. ते सगळं आपल्याच तोफांनी नांगरून झाल्यावर सैन्याला त्यावरून पुढं जायचं होतं, आणि हल्ल्याच्या पहिल्याच दिवशी दुपारी पाऊस लागला.

त्या ऑगस्टमध्ये नेहमीच्या जवळजवळ दुप्पट पाऊस झाला, असं तिथल्या फलकावर होतं. आबांनी आकडा विचारला. मी सांगितलं, अख्ख्या महिन्यात १२७ मिलिमीटर.

‘बास?’ ते म्हणाले. ‘कोयनंला एका रात्रीत पडतोय.’

मला हसू आलं आणि लगेच अवघडल्यासारखं झालं, कारण शेजारी एक म्हातारं इंग्रज जोडपं डोळे पुसत उभं होतं. पण आबांचा प्रश्न खरा होता. पाऊस फारसा नव्हता. लोक ‘पावसानं घात केला’ म्हणतात, सेनापतींनीही पुढं तेच म्हटलं, आणि आपल्याकडेही बंधारा फुटला की अतिवृष्टीच जबाबदार असते.

पुढच्या दालनात विषारी वायूंचे वास ठेवले होते, नमुन्यापुरते. झाकण उचलायचं, हुंगायचं. मोहरीचा वायू, ज्याला इपरच्या नावावरून यपराइट असंही नाव पडलं, तो इथंच जुलै १९१७ मध्ये पहिल्यांदा सोडला गेला. माणसं भाजून निघत, डोळे जात. मी एकच झाकण उचललं आणि पुढं गेले. आबा प्रत्येकाशी थांबले. फॉस्जीनपाशी त्यांनी दोनदा हुंगलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू ओळखीचं कोणी भेटलं. ‘वैरणीचा वास हाय,’ म्हणाले. ‘गंजीत वली राहिलेली असती, तसला.’ फॉस्जीनचं वर्णन पुस्तकात तसंच करतात, कुबट गवताचा वास. ज्या सैनिकांना तो पहिल्यांदा आला असेल, त्यांत शेतकऱ्यांची किती पोरं असतील! घर आठवलं असेल त्यांना क्षणभर. नंतर संध्याकाळपर्यंत आबा मधूनमधून नाकाशी चिमूट नेत होते.

बाहेर पडल्यावर ओढा पाहू म्हणाले. स्टेनबेक नावाचा ओढा त्या लढाईच्या वर्णनात सारखा येतो, तो पार करताना काय काय झालं त्याची पानंच्या पानं आहेत. ‘बेक’ म्हणजे ओढाच, ‘स्टेन’ म्हणजे दगड. गाडी लावून पाहिलं तर दीड-दोन मीटर रुंदीचं पाणी, दोन्ही काठ तासलेले, एक बदक. आमच्या गावच्या ओढ्यावर याहून मोठा म्हसरांचा कळप डुंबतो. आबा काठावर उकिडवे बसले, मूठभर माती उचलली, थुंकी लावून बोटांत मळली, तिची वात केली. वात तुटली नाही. ‘बघ,’ म्हणाले. ‘ह्यात पाय घातला तर चप्पल परत यायची न्हाई.’

माझी आली नव्हतीच. मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्याच नदीकडच्या वीस गुंठ्यात, लव्हाळ्यात टिटवीची अंडी शोधायला गेले आणि डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो उपसायला उजव्यावर जोर दिला तर तोही गेला. चिखल थंड नव्हता, हे मला अजून आठवतं. वरचा थर उन्हानं कोमट आणि आत बोटांना गारढोण. पाय ओढला की ‘चबक’ असा आवाज यायचा आणि पाय मात्र तिथंच. ओरडले. आबा धावत आले, पण जवळ आले नाहीत. काठावर उभे राहून आधी पाचटाचे दोन भारे टाकले आणि ओरडले, ‘वडू नगं, आडवी पड! आडवी पड!’ चिखलात आडवं पडायचं धाडस मला होईना. शेवटी पडले, आणि त्यांनी पाचटावरून सरपटत येऊन मला काखेत धरून खेचली. निळी स्लीपर तिथंच राहिली. नंतर बरीच वर्षं मला वाटायचं, ती आत कुठं तरी खाली खाली जात असेल.

त्या फ्लँडर्सच्या चिखलात फळ्या टाकून वाटा केल्या होत्या. माणसं, खेचरं, तोफा सगळं त्या फळ्यांवरून. रात्री, पाऊस, वरून गोळे, पाठीवर तीस-चाळीस किलोचं ओझं. फळीवरून घसरला तो खड्ड्यात. दोर टाकून, रायफली धरून चार-चार जणांनी ओढूनही माणूस निघाला नाही, आणि मागून येणारी रांग थांबवता येत नसल्यानं त्याला तसाच सोडून पुढं जावं लागलं, अशा आठवणी जगलेल्या सैनिकांनी लिहून ठेवल्यात. आडवा पड, असं त्यांना कोणी ओरडून सांगितलं असेल का? पाठीवर ओझं असताना आडवं पडून तरी काय होणार होतं, पाणी तोंडाशी.

मोहीम १० नोव्हेंबरपर्यंत चालली. चार दिवस आधी, ६ नोव्हेंबरला, कॅनडाच्या सैनिकांनी पासेन्डाले घेतलं, म्हणजे जिथं गाव होतं ती जागा घेतली. सव्वातीन महिन्यांत सरकले साधारण आठ किलोमीटर. आबांनी हिशेब केला, ‘म्हंजी आपल्या गावातनं कारखान्याच्या गेटापत्तुर.’ ऊस भरलेली बैलगाडी तेवढं अंतर एका सकाळीत जाते. मूळ बेत म्हणे पासेन्डालेची टेकडी ओलांडून थेट समुद्रकाठची जर्मन पाणबुड्यांची बंदरं गाठायचा होता. टेकडी म्हणजे तरी काय, गाडी तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात न घालता चढली. दोन्ही बाजूंचे मिळून मेलेले, जखमी, बेपत्ता सुमारे पाच लाख धरतात, नेमक्या आकड्यावरून इतिहासकार अजून भांडतात. पुढच्या एप्रिलमध्ये जर्मनांचा जोर आल्यावर इंग्रजांनी हा सगळा उंचवटा स्वतःहून सोडून दिला, काही दिवसांत. हे वाक्य मी आबांना भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्यांनी ‘पुन्यांदा सांग’ म्हटलं. पुन्हा सांगितलं. मग ते काही बोलले नाहीत.

टाइन कॉटचं स्मशान उतारावर आहे. बारा हजारांच्या आसपास पांढरे दगड, त्यातल्या आठ हजारांहून अधिकांवर नाव नाही, नुसतं ‘देवाला ठाऊक’ अशा अर्थाचं कोरलेलं. मागच्या वळणदार भिंतीवर ज्यांची प्रेतंच सापडली नाहीत अशांची आणखी जवळजवळ पस्तीस हजार नावं. दिल्लीचे नॉर्थ ब्लॉक-साऊथ ब्लॉक ज्यानं बांधले त्या हर्बर्ट बेकरचंच हे काम, आणि एकदा हे कळलं की त्या कमानी ओळखीच्या वाटू लागतात. आत शिरण्याआधी एका खोलीत रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज सतत नावं आणि वयं वाचत असतो, घाई नाही, चढउतार नाही. मला तिथं रडू येईल अशी धास्ती होती. आलं नाही. गवत इतकं नेटकं कापलेलं, दगडांच्या पायथ्याशी फुलझाडं इतकी वेळच्या वेळी खुरपलेली, की दुःखाला कुठं पाऊल टाकावं कळेना. आबांनी एका दगडाच्या बुंध्याशी वाकून बोटानं माती उकरली. ‘हितं निचरा चांगला केलाय,’ म्हणाले.

आणि मग ते शेत.

पासेन्डालेकडून परत फिरताना लहान रस्त्याला लागलो. दोन्हीकडं बटाट्याची लावण नुकती झालेली. यंत्रानं काढलेल्या सऱ्या-वरंबे इतके सरळ की आबा ‘थांब थांब’ म्हणाले. मी गाडी कडेला घेतली. समोर विजेचा सिमेंटचा खांब होता, त्याला बुडाशी आरपार चौकोनी भोकं होती, आणि सगळ्यात खालच्या भोकाशी टेकवून एक तोफगोळा ठेवला होता. साधारण हातभर लांब, गंजानं फुगलेला, अंगाला ओली माती चिकटलेली. एखाद्यानं दुधाची किटली गवळ्यासाठी ठेवावी तसा. मी इतकी घाबरले की आबांची बाही धरून मागं ओढलं. मागून ट्रॅक्टरचा आवाज बंद झाला आणि शेतकरी उतरून आमच्याकडे आला.

पन्नाशीचा असेल. मला डच थोडं येतं, पण तो बोलत होता ती पश्चिम फ्लँडर्सची बोली, तिच्यातला चौथा शब्दही मला लागेना. ‘बॉमन’, म्हणजे बॉम्ब, एवढं कळलं. त्यानं चार बोटं दाखवली, मग हात जमिनीवरून वर उचलला: या लावणीत चार वर आले. पोलिसांना फोन करायचा, मग लष्कराची गाडी येऊन घेऊन जाते. या पट्ट्यातून लष्कराचं पथक दर वर्षी दीडशे ते दोनशे टन असला माल गोळा करतं, शंभर वर्षांनंतरही, आणि त्यात विषारी वायूचे गोळे असतात ते वेगळे काढून निकामी करावे लागतात. त्या काळी चार-पाचांतला एक गोळा फुटतच नसे. एवढ्या मऊ चिखलात पडल्यावर फुटणार तरी कसा. तो आत गेला, आणि नांगर, थंडी, पाणी त्याला वर्षाला बोटभर वर ढकलत राहिले. २०१४ साली, त्या युद्धाची शंभरी पाळायच्या वर्षीच, इपरमध्ये एका बांधकामावर दोन मजूर असाच गोळा फुटून मेले. त्याहून अजब गोष्ट जवळच्या मेसिनची आहे. तिथं जून १९१७ मध्ये इंग्रजांनी जर्मन ठाण्यांखाली भुयारं खणून सुरुंग लावले, एकोणीस उडवले, काही तसेच राहिले. त्यातला एक १९५५ च्या जूनमध्ये वीज पडून उडाला. मेली ती एक गाय. हे मी आबांना सांगितलं तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा ते हळहळले. ‘तिला काय ठावं,’ म्हणाले.

पण मी सांगत होते ते त्या दोघांचं. मी गोळ्याकडं बघत उभी होते तोवर आबा आणि तो शेतकरी सरीच्या तोंडाशी जाऊन बसले होते. आबांनी हाताचा आडवा तळवा जमिनीखाली नेल्यासारखा दाखवला आणि भुवया उडवल्या: किती खोल? त्यानं कमरेला हात लावला. आबांनी दोन हात फाकवून विचारलं: किती अंतरावर? त्यानं पावलं टाकून दाखवली, मोजून. मग शेताच्या टोकाला नेऊन चरात उतरणारं पाईपचं तोंड दाखवलं, त्यातून बोटाएवढी धार चालू होती. आबांनी धारेत हात धरला आणि माझ्याकडं वळून ओरडले, ‘पाईपी टाकल्यात ह्येनं! सगळ्या रानाखालनं!’ आमच्याकडे हीच सच्छिद्र पाईप टाकायची योजना कितीदा गावात येऊन गेली. खालचा कोणी तरी आडवा येतो, त्याच्या रानातनं पाणी न्यायचं तर तो नाही म्हणतो. त्यांना ते दोघं सोडून जगात काही नव्हतं. एकदा शेतकऱ्यानं खांबाकडं मान वळवून खांदे उडवले, आणि आबांनीही तसेच उडवले. काय बोलले ते मला आजही माहीत नाही.

युद्ध संपल्यावर ही जमीन तशीच टाकून द्यावी असंही काहींचं म्हणणं होतं. चर्चिलला तर अख्खं इपर पडझडीत ठेवून स्मारक करायचं होतं. तरी विस्थापित झालेले शेतकरी परत आले, खंदकातल्याच फळ्या आणि पत्र्यांच्या झोपड्या करून राहिले, खड्डे बुजवले, चर पुन्हा खणले. तारा आणि दारूगोळा साफ करायला चीनमधून आणलेले मजूर राबले. आज दिसणारं जुनं इपर, त्याचा तो मध्ययुगीन बाजार, सगळं १९२० नंतर पुन्हा उभं केलेलं. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी मला फक्त भूक लागली होती, आणि आम्ही तिथल्याच एका टपरीवर तिथल्याच बटाट्याचे तळलेले तुकडे खाल्ले, कागदी सुरळीतून, भरपूर मीठ घालून. चवीला उत्तम होते. तिसऱ्या तुकड्याला मला त्या मातीत काय काय मिसळलंय ते आठवलं आणि तरी मी सुरळी संपवली.

संध्याकाळी आठ वाजता इपरच्या मेनिन गेटखाली, म्हणजे बेपत्ता सैनिकांच्या स्मारकाच्या कमानीखाली, बिगुल वाजतं. १९२८ पासून रोज, मध्ये जर्मनांच्या ताब्यातली वर्षं सोडली तर. चोपन्न हजारांवर नावं भिंतींवर, त्यांत आपल्याकडचीही चारशेच्या वर. ‘आपली मानसं हुती व्हय हितं?’ आबांनी विचारलं. मी जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. १९१५ च्या एप्रिलमध्ये इथं पहिल्यांदा क्लोरीन सोडला, त्यानंतर चारच दिवसांनी हिंदी फौजेच्या लाहोर डिव्हिजनला त्या मैदानात उतरवलं. १९१७ च्या चिखलापर्यंत हिंदी पायदळ इथून हललं होतं, इराकला. मराठा पलटणी तिकडं आधीपासूनच होत्या. तिथल्या कूत शहराच्या वेढ्यात सापडलेल्या डिव्हिजनला नावच पुण्याचं होतं. आबांना एकदम आईच्या माहेरचा दगड आठवला. साताऱ्याकडच्या गावांत चावडीच्या भिंतीला असतो तसा संगमरवरी, ‘या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके कामी आले’ अशा मजकुराचा इंग्रजी दगड. त्यावर दर निवडणुकीला ऑइलपेंट बसून बसून आकडे भरून गेलेत. आम्ही लहानपणी त्यावर पाठ टेकून गोट्या खेळायचो. परतीच्या रस्त्यात आबा झोपले, खिशात हात घालून.

शेवटी एका रविवारी विचारलंच. व्हिडिओ कॉलवर गोळी कॅमेऱ्यासमोर धरली. आबांनी फोन दूर धरून पाहिली.

‘ह्ये राहिलं व्हय खिशात,’ म्हणाले. त्यांच्या आवाजात चोरी पकडल्याचं काहीच नव्हतं. ‘आगं, सरीत वर आल्यालं. खडा वाटला. दिसला म्हणून काढला.’

मग ठेवलीत कशाला?

‘टाकावा म्हनलं तर बांधच न्हाई कुठं त्येंच्यात. सगळं सपाट. ह्या रानातला काढून त्या रानात कसा टाकायचा?’

मी वाचून ठेवलं होतं ते त्यांना सांगितलं. अशा सुमारे ३७५ गोळ्या एका तोफगोळ्यात भरलेल्या असायच्या, तो हवेत फुटला की त्या पुढं उडायच्या. ते ऐकत होते की नाही कळलं नाही. म्हणाले, शिसं आहे, पोराच्या तोंडात जाईल, वाटीत ठेवू नको. मग चराचं बोलू लागले. पाऊस चांगला लागलाय, खालच्या अंगाला चुलत्याच्या पोरानं पुन्हा पाचट कोंबलंय, उद्या खोरं घेऊन जाणार आहे. त्या वयात उतरू नका म्हटलं. हो म्हणाले, म्हणजे जाणार.

सप्टेंबरात कामानिमित्त कोर्ट्रेकला गेले होते, तिथून इपर जवळ. वाट वाकडी करून तिकडं गेले. बटाटा निघत होता. मोठं यंत्र सरी उपटत होतं, बटाटे, ढेकळं, दगड सगळं पट्ट्यावरून वर चढत होतं आणि पट्ट्याशी उभ्या दोन बायका हातमोजे घालून न बघितल्यासारखं दगड बाजूला टाकत होत्या. शेतकरी तोच होता की दुसरा, लांबून कळलं नाही. खांबाचं भोक रिकामं होतं. मी गोळी पर्समधून काढून मुठीत धरली आणि शेताच्या कडेनं बरंच चालले. एकीकडं रस्ता, एकीकडं पाण्यानं भरलेला चर, मध्ये लगेच दुसऱ्याचा मका. चरात टाकावी तर पाईपचं तोंड तिथंच होतं. पंधरा मिनिटांनी गाडीत येऊन बसले.

‘टाकलीस का?’ रात्री आबांनी विचारलं.

‘बांध नाही, आबा.’

‘मग र्‍हाऊ दे,’ म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.